नारू (कृमी)

नारू (शास्त्रीय नाव: ड्रॅकन्क्युलस मेडिनेन्सिस) हा माणसाच्या शरीरात वाढणारा एक परजीवी सूत्रकृमी आहे. त्याच्यामुळे होणाऱ्या रोगालाही मराठीत नारू असेच म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत या रोगास ड्रॅकन्क्युलिॲसिस असे नाव असून तो गिनी वर्म रोग या नावानेही ओळखला जातो. दूषित पाण्यावाटे पोटात गेलेला हा कृमी जवळजवळ वर्षभर कोणतीही खूण न दाखवता वाढतो आणि त्यानंतर बहुधा पायाच्या त्वचेला छिद्र पाडून बाहेर येऊ लागतो. पूर्ण वाढलेली मादी साधारणपणे ७० ते १२० सेंटिमीटर लांब असते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतातील सात राज्यांत हा रोग होता व महाराष्ट्र हे त्यांपैकी एक राज्य होते. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला. फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. नारूवर लस नाही, शरीरातील कृमीला मारणारे खात्रीचे औषध नाही आणि एकदा होऊन गेल्याने प्रतिकारशक्तीही येत नाही. त्यामुळे एकाच माणसाला तो वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा होत असे. असे असूनही तो नाहीसा करता आला, याचे कारण त्याच्या जीवनचक्रात आहे. या चक्राचा एक दुवा रुग्णाचा पाय पिण्याच्या पाण्यात पडण्यावर अवलंबून असतो.

नाव

नारूला हिंदीत नहरुआ, गुजरातीत वाळो आणि कन्नडमध्ये नारुहुण्णु म्हणतात. कन्नडमध्ये ‘नारु’ म्हणजे तंतू आणि ‘हुण्णु’ म्हणजे व्रण. तमिळ नाव ‘नरंबुच् चिलंदि’ यातही शीर किंवा स्नायूतंतू या अर्थाचा शब्द आहे. भावप्रकाशासारख्या आयुर्वेदीय ग्रंथांत या विकाराचे वर्णन ‘स्नायुक’ या नावाने येते. त्वचेतून बाहेर आलेला पांढरा, चिवट दोरा पाहिला की तो प्राणी आहे असे चटकन वाटत नाही. शीर किंवा स्नायूच बाहेर आला आहे असा समज होतो. निरनिराळ्या भाषांतील नावे या समजाशी जुळणारी आहेत. अरबी वैद्यांनीही त्यास ‘मदिनेची शीर’ म्हटले होते. शास्त्रीय नावातील ‘मेडिनेन्सिस’ हे पद मदिना शहरावरून आले आहे, तर ‘ड्रॅकन्क्युलस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘छोटा सर्प’ असा आहे. पश्चिम आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावर युरोपीय प्रवाशांना हा रोग फार आढळला, म्हणून गिनी वर्म हे नाव रूढ झाले.

गावगाड्याच्या वर्णनात ‘कारू-नारू’ असा जोडशब्द येतो. त्यातील ‘नारू’ म्हणजे अलुतेदार. कृमीवाचक नारू हा अर्थाने निराळा शब्द असून दोहोंची गल्लत करू नये.

शरीररचना

मादी दोऱ्यासारखी लांब, पांढरट आणि दीड-दोन मिलिमीटर जाडीची असते. तिच्या शरीराचा बहुतेक भाग गर्भाशयाने व्यापलेला असतो आणि पूर्ण वाढ होईपर्यंत त्यात लक्षावधी डिंभ (अळीसारखी बाल्यावस्था) साठलेले असतात. या वेळी तिचे पचनमार्ग व इतर अवयव जवळजवळ निकामी झालेले असतात. नर मात्र अगदी लहान, दोन-चार सेंटिमीटरचा असतो. माणसाच्या शरीरातून बाहेर येते ती नेहमी मादीच. नर समागमानंतर काही महिन्यांत शरीरातच मरतो व सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही.

जीवनचक्र

हे चक्र कोणत्याही टप्प्यापासून सांगता येईल. रुग्णाच्या पायावर फोड येतो तेथून सुरुवात करणे सोयीचे आहे. परिपक्व मादी संयोजी ऊतकातून सरकत त्वचेखाली येते. तेथे तिच्यामुळे दाह होऊन फोड उठतो. दहापैकी आठ-नऊ रुग्णांत तो गुडघ्याखाली, घोटा किंवा पाऊल येथे असतो, परंतु हात, पाठ, स्तन, वृषणकोश अशा ठिकाणीही नारू निघाल्याची उदाहरणे आहेत. फोडाची आग इतकी असह्य असते की रुग्ण साहजिकच पाय थंड पाण्यात बुडवतो. पाण्याचा स्पर्श होताच फोड फुटतो, मादीचे पुढचे टोक उघडे पडते आणि तिच्या गर्भाशयातून दुधासारखा पांढरा द्रव पाण्यात सोडला जातो. त्यात असंख्य डिंभ असतात. पुढील काही दिवस जखम पाण्यात बुडेल तेव्हा प्रत्येक वेळी ही क्रिया पुन्हा घडते.

मुक्त झालेला डिंभ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडा मोठा असतो. तो पाण्यात वळवळत राहतो, पण स्वतः अन्न मिळवू शकत नाही आणि काही दिवसांतच मरतो. या अवस्थेत तो माणसाच्या पोटात गेला तरी रोग होत नाही. जगण्यासाठी त्याला सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म कवचधारी प्राण्याने गिळणे आवश्यक असते. सायक्लॉप्स कोपेपॉड गटातील असून साचलेल्या गोड्या पाण्यात विपुल असतो. त्याची लांबी मिलिमीटर-दीड मिलिमीटर असते. पेल्यातील पाणी उजेडात धरले तर झटके देत पोहणारा पांढरा ठिपका म्हणून तो नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो. कृमिशास्त्राच्या भाषेत सायक्लॉप्स हा नारूचा ‘मध्यस्थ पोषक’ होय.

सायक्लॉप्सच्या शरीरात डिंभ दोनदा कात टाकतो आणि सुमारे दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतो. डिंभ असलेला सायक्लॉप्स मंदावतो व तळाकडे बसू लागतो. विहिरीचे पाणी आटले म्हणजे भांडे तळापर्यंत पोहोचते आणि असे सायक्लॉप्स त्यात अधिक येतात. भारतात नारूचा जोर उन्हाळ्यात असे, त्यामागील एक कारण हे होते.

माणूस हे पाणी न गाळता प्यायला की जठरातील पाचकरसाने सायक्लॉप्स मरतो, पण त्याच्या आतील डिंभ मरत नाहीत. ते मोकळे होऊन आतड्याची भित्ती भेदतात आणि उदरपोकळीत व तिच्यामागील ऊतकांत जातात. तेथे सुमारे तीन महिन्यांत नर व मादी प्रौढ होतात आणि त्यांचा समागम होतो. नर मरतो, फलित मादी ऊतकांतून प्रवास करत वाढत राहते. पाणी प्यायल्यापासून साधारण दहा ते चौदा महिन्यांनी ती त्वचेपर्यंत पोहोचते. म्हणजे एका उन्हाळ्यात प्यायलेल्या पाण्याचा परिणाम पुढच्या उन्हाळ्यात दिसतो. मधल्या काळात रुग्णाला काहीच जाणवत नाही आणि संसर्ग ओळखणारी तपासणीही व्यवहारात उपलब्ध नाही. कारण आणि परिणाम यांत वर्षाचे अंतर असल्यामुळे पाण्याशी या रोगाचा संबंध आहे हे लोकांना पटवणे फार कठीण जाई.

इतर कृमींशी तुलना

माणसाला उपद्रव देणाऱ्या बहुतेक कृमींची चक्रे याहून वेगळी आहेत. जंतांची अंडी विष्ठेवाटे मातीत जातात व अस्वच्छ हातांवाटे किंवा भाजीपाल्यावाटे परत येतात. अंकुशकृमीचे डिंभ अनवाणी पायाच्या त्वचेतून आत शिरतात. हत्तीरोगाचे कृमी डासांमार्फत पसरतात. या तिन्हींत रोगाची वाट अनेक ठिकाणी पसरलेली असते आणि बाहेरून निरोगी दिसणारी माणसेही रोग पसरवतात. नारूचे तसे नाही. पिण्याचे पाणी ही त्याची माणसात शिरण्याची प्रमुख वाट आहे आणि रोग पसरवणारा रुग्ण पायावरील दोऱ्यावरून गावातील लहान मुलालाही ओळखता येतो. सायक्लॉप्स उडत नाही, एका जलाशयातून दुसऱ्या जलाशयात स्वतःहून जात नाही. मनुष्येतर प्राण्यांत हा कृमी टिकून राहत नाही, असेही दीर्घकाळ मानले जात होते. आफ्रिकेतील अनुभवाने ही समजूत अलीकडे बदलावी लागली.

लक्षणे

फोड येण्याच्या सुमारास अंगावर पित्त उठणे, खाज, मळमळ, चक्कर अशी लक्षणे काही रुग्णांत दिसतात. खरा त्रास कृमी बाहेर येऊ लागल्यावर सुरू होतो. जखमेत जीवाणू शिरून गळू होते, पाय सुजतो, सांध्याजवळ कृमी असल्यास सांधा आखडतो आणि क्वचित कायमचा अधू होतो. जखमेवाटे धनुर्वात होऊन मृत्यू आल्याचीही उदाहरणे आहेत. एकाच रुग्णाच्या शरीरातून एकाच मोसमात अनेक नारू निघणे हेही असामान्य नव्हते.

नारू सहसा जीव घेत नसे, पण माणसाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवी. शेतीच्या हंगामातच घरातील कर्ती माणसे एकाच वेळी आजारी पडत, मुलांची शाळा बुडे. मालीमधील डोगॉन लोक या रोगास ‘रित्या कणगीचा रोग’ अशा अर्थाचे नाव देत. मृत्यूंच्या आकड्यांवरून रोगाचे गांभीर्य ठरवणाऱ्या आरोग्ययंत्रणांचे नारूकडे उशिरा लक्ष गेले, याचे कारणही त्याच्या या स्वरूपात आहे.

काही वेळा मादी बाहेर न येता शरीरातच मरते व तिच्यावर कॅल्शियमचा थर चढतो. असे कृमी आयुष्यभर ऊतकात राहतात.

उपचार

बाहेर आलेले टोक छोट्या काडीला किंवा कापसाच्या बोळ्याला गुंडाळून दररोज थोडे थोडे, काही सेंटिमीटरच, ओढून घेणे हा प्राचीन उपाय आजही मुख्य उपाय आहे. पूर्ण कृमी निघण्यास कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे लागतात. घाईने ओढल्यास कृमी तुटतो, त्याचा उरलेला भाग आत आकसतो आणि त्यातील द्रव ऊतकात पसरून तीव्र दाह होतो. मूळ रोगापेक्षा हा प्रकार अधिक घातक ठरू शकतो. जखम स्वच्छ ठेवणे, वेदनाशामक व आवश्यक तेव्हा प्रतिजैविके देणे आणि धनुर्वाताची लस देणे ही पूरक काळजी होय. मेट्रोनिडॅझोल, थायाबेंडॅझोल इत्यादी औषधांनी दाह कमी होऊन कृमी ओढणे सोपे जाते असे आढळले, पण त्यांनी कृमी मरत नाही. राजस्थानात कृमी त्वचेखाली जाणवताच, फोड येण्यापूर्वी, लहानसा छेद घेऊन तो अखंड काढण्याची पद्धतही वापरली गेली.

वैद्यकाचे चिन्ह असलेला, सर्पाने वेढलेला ॲस्क्लेपियसचा दंड हा मुळात काडीवर गुंडाळलेला नारू असावा, असा एक तर्क वारंवार मांडला जातो. तो आकर्षक असला तरी त्यास निर्णायक पुरावा नाही.

शोधाचा इतिहास

नारू हा अतिप्राचीन रोग आहे. इ.स.पू. १५५० च्या सुमारास लिहिलेल्या एबर्स पपायरसमधील एक उपचार नारूविषयी असावा असे अभ्यासक मानतात. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे तपासलेल्या, एका किशोरवयीन मुलीच्या इजिप्शियन ममीच्या उदरभित्तीत कॅल्शियमयुक्त झालेला नारू सापडला. लिनियसने १७५८ मध्ये या कृमीचे शास्त्रीय वर्णन केले. परंतु तो शरीरात येतो कोठून, हे पुढील शंभर वर्षे गूढच राहिले.

या प्रश्नाच्या उकलीत मुंबईचाही वाटा आहे. शल्यचिकित्सक व निसर्गअभ्यासक एच. जे. कार्टर यांनी १८५० च्या दशकात मुंबई बेटावरील नारूचा अभ्यास केला आणि तलावांत मुक्तपणे राहणाऱ्या सूक्ष्म कृमींशी त्याचा संबंध जोडला. हा तर्क पुढे चुकीचा ठरला, तरी उत्तर पाण्यात आहे ही दिशा बरोबर होती. (नारूनिर्मूलनाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्याशी असलेले आडनावाचे साम्य हा केवळ योगायोग आहे.) रशियन निसर्गशास्त्रज्ञ ॲलेक्सी फेडचेंको यांनी १८७० च्या सुमारास तुर्कस्तान प्रांतात नारूचे डिंभ सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात हे दाखवले. एखाद्या कृमीला अशा सूक्ष्म जलचराची मध्यस्थी लागते हे त्या काळी नवे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रॉबर्ट लायपर यांनी संसर्गित सायक्लॉप्स जठररसाइतक्या सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवले. सायक्लॉप्स मेले, डिंभ मात्र अधिक चपळ झाले. असेच सायक्लॉप्स खाऊ घातलेल्या माकडाच्या शरीरात त्यांना पुढे नारू सापडले.

माणसाच्या बाबतीत अखेरचा दुवा मुंबईत जुळला. ज्ञानेश्वर आत्माराम तुर्खुड यांनी १९१४ च्या सुमारास स्वयंसेवकांना संसर्गित सायक्लॉप्स देऊन त्यांच्यात नारू निर्माण होतो हे सिद्ध केले. हे संशोधन मुंबईच्या बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरीशी निगडित होते. परळ येथील ही प्रयोगशाळा १९२५ पासून हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते. म्हैसूर संस्थानात व्ही. एन. मूर्ती यांनी १९३० च्या दशकात सायक्लॉप्स खाणारे लहान मासे विहिरींत सोडून रोग कमी करता येतो का, याचे प्रयोग केले.

बारव आणि आड

भारतातील नारूचा इतिहास हा बऱ्याच अंशी पायऱ्यांच्या विहिरींचा इतिहास आहे. महाराष्ट्रातील बारव, गुजरातमधील वाव आणि राजस्थानातील बावडी यांची रचना तत्त्वतः एकच आहे: पायऱ्या थेट पाण्यापर्यंत उतरतात आणि पाण्याची पातळी खाली गेली की माणूस तिच्यामागे खाली जातो. दुष्काळी प्रदेशात ही रचना सोयीची आणि शहाणपणाची होती. अनेक बारवांचे बांधकाम अत्यंत देखणे आहे. पण पाणी भरणारा माणूस येथे घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहतो, हातपाय धुतो आणि त्याच पाण्यात घागर बुडवतो. त्याच्या पायावर नारू असेल, तर डिंभ पाण्यात पडण्यास एवढे पुरेसे असते. पाणी साचलेले, सावलीतले, गोडे. सायक्लॉप्सलाही ते मानवते. पंधरा दिवसांनी पाणी भरायला येणारा प्रत्येक जण तेथून रोग घेऊन जाऊ शकतो.

आडाचे तसे नाही. आड अरुंद असतो, त्याला पायऱ्या नसतात, काठाला कठडा असतो आणि पाणी पोहऱ्याने शेंदावे लागते. आडातील पाण्यातही सायक्लॉप्स असतात, पण रुग्णाचा पाय तेथे पोहोचत नाही. म्हणून चक्र तुटते. एकाच गावात आडाचे पाणी पिणारी वस्ती नारूपासून मुक्त आणि बारवेचे पाणी पिणारी वस्ती त्रस्त असू शकत होती, याचे स्पष्टीकरण हेच. कोणती वस्ती कोणत्या पाणवठ्यावर जाणार हे मात्र गावाच्या सामाजिक रचनेवर ठरे, आणि ज्यांना पाण्याचा दुसरा पर्याय नव्हता त्यांच्या वाट्याला नारू अधिक येई.

हाच अनुभव मध्य आशियातही आला होता. बुखारा शहरात पायऱ्या असलेल्या दगडी जलाशयांतून पाणी घेतले जाई व तेथे नारू फार होता. १९२० च्या दशकात लिओनिद इसायेव यांच्या मार्गदर्शनाखाली हे जलाशय उपसले गेले, पाण्याची नवी व्यवस्था झाली आणि १९३० च्या दशकाच्या आरंभी तेथील नारू संपला. या जलाशयांचे स्थानिक नाव ‘हौज’. मराठीतील ‘हौद’ याच मूळ शब्दापासून आला आहे.

भारतातील निर्मूलन कार्यक्रम

संयुक्त राष्ट्रांनी १९८१ ते १९९० हे दशक पेयजल व स्वच्छता दशक म्हणून घोषित केले आणि नारूचे उच्चाटन हे त्या दशकाचे एक उपउद्दिष्ट ठरले. भारताने १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू केला. तांत्रिक मार्गदर्शन दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेकडे होते. १९८४ मध्ये देशात सुमारे ४०,००० रुग्ण नोंदले गेले. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू ही बाधित राज्ये होती. त्यांपैकी तमिळनाडू सर्वांत आधी मुक्त झाले.

कार्यक्रमातील उपाय साधे होते. आरोग्य कर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव, घरोघर जाऊन रुग्ण शोधत. रुग्णाच्या जखमेवर पट्टी बांधून त्याला पाण्यात न उतरण्यास सांगितले जाई. पिण्याचे पाणी दुहेरी कापडातून गाळून घेण्याचा प्रचार झाला. सायक्लॉप्स कापडावर अडकत असल्यामुळे हा उपाय नेमका लागू पडतो. पाणी उकळणेही परिणामकारक आहे, पण सरपणाच्या टंचाईत ते रोज करणे बहुतेक घरांना परवडणारे नव्हते. घागरीच्या तोंडावर फडके बांधून पाणी गाळण्याची रीत अनेक घरांत पूर्वीपासून होती, त्यामुळे कापडाचा उपाय लोकांना परका वाटला नाही. दूषित पाणवठ्यांत टेमेफॉस हे कीटकनाशक लिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात टाकले जाई. या मात्रेत सायक्लॉप्स मरतात आणि पाणी पिण्यायोग्य राहते.

सर्वांत टिकाऊ उपाय पाणवठाच बदलण्याचा होता. पायऱ्यांच्या विहिरींच्या वाटा बुजवून व कठडे बांधून त्यांना आडासारखे रूप देण्यात आले. बाधित गावांना कूपनलिका व हातपंप यांबाबत अग्रक्रम मिळाला. या हातपंपांपैकी सर्वाधिक प्रसार झालेला ‘इंडिया मार्क टू’ हा पंप १९७० च्या दशकात युनिसेफच्या साहाय्याने तयार झाला. त्याची रचना सोलापूर परिसरात विकसित झालेल्या ‘सोलापूर पंपा’वर आधारलेली होती. गावाच्या बोलीत ज्याला हापसा म्हणतात तो हाच. राजस्थानातील आदिवासीबहुल दक्षिण भागात ‘स्वच्छ’ या नावाचा प्रकल्प युनिसेफ व स्वीडनच्या साहाय्याने राबवण्यात आला. त्यात गावातील स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. पाणी भरणे हे स्त्रियांचेच काम होते. पंप बंद पडला तर पुन्हा बावडीत उतरावे लागणार तेही त्यांनाच. हे लक्षात घेतले तर ही निवड किती योग्य होती ते समजते.

रुग्ण कमी होत गेले तसे उरलेले शोधणे अवघड झाले. अखेरच्या टप्प्यात रुग्णाची खबर देणाऱ्यास रोख बक्षीस ठेवण्यात आले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात अखेरचा रुग्ण नोंदला गेला आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ देखरेख ठेवून २००० मध्ये प्रमाणपत्र मिळाले.

यात एक नुकसानही झाले. नारूच्या भीतीने बंद केलेल्या, आणि नळ व हातपंप आल्यावर दुर्लक्षित राहिलेल्या कित्येक बारवा गाळाने व कचऱ्याने भरून गेल्या. अलीकडे महाराष्ट्रात बारवांच्या स्वच्छतेच्या व जतनाच्या स्वयंसेवी मोहिमा सुरू आहेत. नारूचा विचार केला तर वारसा किंवा भूजल-पुनर्भरण म्हणून बारव मोकळी करण्यात धोका नाही, कारण कृमीच देशात उरलेला नाही.

जगातील स्थिती

१९८६ मध्ये आफ्रिका व आशियातील सुमारे वीस देशांत मिळून दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना नारू होत असे. त्या वर्षापासून कार्टर सेंटर या संस्थेने जागतिक मोहिमेचे नेतृत्व स्वीकारले. पाकिस्तानातील अखेरचा रुग्ण १९९३ मधील आहे. १९९५ मध्ये सुदानच्या यादवी युद्धात जिमी कार्टर यांच्या मध्यस्थीने शस्त्रसंधी झाला, तो सुमारे सहा महिने टिकला आणि त्या काळात आरोग्यसेवकांना एरवी दुर्गम असलेल्या गावांत गाळण्या व उपचार पोहोचवता आले. नायजेरियाला २०१३ मध्ये, तर घानाला २०१५ मध्ये नारूमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. १९९५ पर्यंत जगातून नारू नष्ट करण्याचे मूळ उद्दिष्ट मात्र साधले नाही. ते अनेकदा पुढे ढकलले गेले असून सध्या २०३० हे वर्ष ठरवण्यात आले आहे. २०२४ मध्ये जगभरात फक्त १५ मानवी रुग्ण नोंदले गेले. ते चाड व दक्षिण सुदान या दोन देशांतील होते.

प्राण्यांतील संसर्ग

चाडमध्ये सुमारे दहा वर्षे एकही रुग्ण आढळला नव्हता. २०१० मध्ये तेथे पुन्हा रुग्ण सापडले आणि २०१२ पासून कुत्र्यांच्या अंगातून नारू निघत असल्याचे मोठ्या प्रमाणावर लक्षात येऊ लागले. २०१९ मध्ये अशा बाधित कुत्र्यांची संख्या दीड हजारांहून अधिक होती. तपासणीत हा कृमी माणसातील नारूच असल्याचे ठरले. चाडमध्ये नदीकाठी मासे साफ करताना टाकलेली आतडी कुत्रे खातात. मासे किंवा बेडूक यांच्या शरीरात डिंभ जिवंत राहून त्यांच्यामार्फत कुत्र्यांपर्यंत पोहोचत असावेत असे प्रयोगांवरून दिसते. इथिओपियात बबून माकडांत, तर मालीत व अंगोलात कुत्र्यांत संसर्ग आढळला आहे. मांजरांतही तो सापडतो.

यामुळे मोहिमेची पद्धत बदलली. माशांची आतडी पुरणे, मासे नीट शिजवून खाणे, बाधित कुत्रे कृमी पूर्ण निघेपर्यंत बांधून ठेवणे, त्याची खबर देणाऱ्यास बक्षीस देणे आणि डबक्यांत टेमेफॉस टाकणे हे उपाय योजले जात आहेत. २०२४ मध्ये प्राण्यांतील संसर्गाच्या सहाशेंहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. मानवी रुग्णांपेक्षा हा आकडा कित्येक पटींनी मोठा आहे. प्राण्यांतील चक्र थांबल्याशिवाय एखाद्या देशास प्रमाणपत्र देता येत नाही.

भारतातील आजची स्थिती

भारतात १९९६ नंतर नारूचा एकही स्थानिक रुग्ण नाही. त्वचेतून दोऱ्यासारखा कृमी निघाल्याची खबर अधूनमधून येते. अशा वेळी तो कृमी तपासून घेणे आवश्यक असते. अद्याप नारू असलेल्या देशांतून रुग्ण येण्याची शक्यता अत्यल्प असली तरी शून्य नाही. तरुण डॉक्टरांनी हा रोग प्रत्यक्ष पाहिलेला नसल्यामुळे त्याची ओळख आता मुख्यतः पाठ्यपुस्तकातूनच होते. पूर्वीच्या बाधित भागांतील वृद्धांच्या पायाचे किंवा कमरेचे क्ष-किरण चित्र अन्य कारणाने काढले असता, कॅल्शियमचा थर चढलेला, वेटोळे घातलेला जुना नारू त्यात क्वचित आजही दिसतो. त्यास उपचाराची गरज नसते.